कुणाच्या हाताखाली

आप्पा, रविवारी तुम्हाला सुट्टी असली की संध्याकाळी आपण दोघं दौंडच्या रेल्वे क्वार्टरच्या मागच्या पायरीवर बसायचो. तुमच्या पुढ्यात लसूण, माझ्या पुढ्यात मटार. मी लसणाकडे हात नेला की तुम्ही मान वर न करता सूप तुमच्या बाजूला ओढून घ्यायचात. "उद्या शाळा हाय ना? सिस्टरला वास येतुय." मटार सोलून माझी नखं हिरवी व्हायची, ती मात्र तुम्हाला चालायची. आत आई भाकरी थापत असायची, यार्डात शंटिंग चाललेलं असायचं, आणि तुम्ही लसणाची पाकळी दोन बोटांत धरून अशी दाबायचात की साल आपोआप सुटून यायची. मी ते बघून बघून शिकले. तुम्ही शिकवलं नाहीत. हे वाक्य मी तुमच्याशी मनातल्या मनात आयुष्यभर बोलत आले, कागदावर आज पहिल्यांदा उतरलं.

आज माझा कामाचा शेवटचा दिवस होता. कारेगावजवळच्या एका कारखान्याचं कॅन्टीन मी इतकी वर्षं सांभाळलं, त्याच्या किल्ल्या देऊन दुपारच्या बसनं शिरूरला घरी आले. गुडघे आता उभं राहू देत नाहीत. तुमचेही असेच गेले होते, फरशीवर उभं राहून राहून. आल्यावर चहा केला, तो पुढ्यात निवतो आहे, आणि मी हे लिहायला घेतलं आहे ते किल्ल्या कुणाला दिल्या हे तुम्हाला सांगायला. ऐकून तुम्हाला बरं वाटेल, आणि तेच मला सलतं आहे. तुमच्या वरवंडचीला दिल्या.

तुमच्या स्वयंपाकघरात मी वाढले नाही, त्याच्या दारात वाढले. शाळा सुटली की तुमचा डबा घेऊन मी रनिंग रूमवर यायचे आणि उंबऱ्याबाहेर थांबायचे. बाहेरगावाहून गाड्या घेऊन आलेले ड्रायव्हर, फायरमन, गार्ड तिथं उतरायचे, आंघोळ करायचे, जेवायचे, झोपायचे आणि परतीच्या गाडीची वेळ झाली की निघायचे. प्रत्येकजण आपल्या पेटीतून आपला शिधा आणायचा आणि तुम्ही तो ज्याचा त्याला वेगळा रांधून द्यायचात. आमच्या कॅन्टीनमधल्या पोरांना हे खरं वाटत नाही. "शेफ, एवढी कटकट कशाला? सगळ्यांची डाळ एकत्र टाकायची ना," म्हणतात. पण सोलापूरच्या गार्डाची तूर वेगळी आणि मनमाडच्या ड्रायव्हरचा मसूर वेगळा. कुणाचा उपास, कुणाला कांदा चालत नाही, कुणी बायकोनं कुटून दिलेला काळा मसाला कागदाच्या पुडीत जपून आणलेला. कोळशाच्या लांबलचक चुलाणावर छोटी छोटी पातेली ओळीनं रटरटत आहेत. एकाच्या कानाला चिंधी बांधलेली, दुसऱ्याच्या झाकणावर खडा ठेवलेला, तिसरं त्याच्या पोच्यावरून ओळखायचं. तुम्ही त्यांच्यापुढून फिरता आहात, खांद्यावर पंचा, आणि चाखत मात्र नाही. कधीच नाही. ज्याचा शिधा त्याचा घास, त्यातलं थेंबभरही आपलं नाही, हा तुमचा नियम. पळीतलं तळहातावर घेऊन चाटणारा आचारी तुमच्या लेखी चोर. वासावरून, उकळीच्या आवाजावरून, वर आलेल्या तवंगावरून तुम्ही ठरवायचात, आणि एवढी पातेली उतरवून झाल्यावर स्वतः जेवायला बसायचात ते आईच्या डब्यातल्या भाकरीवर. तुमच्या त्या फिरण्याचा मला हेवा वाटायचा. मुलींना आपल्या वडिलांचा अभिमान वाटतो, मला हेवा वाटायचा. मला त्या ओळीपुढून तसंच फिरायचं होतं.

तुम्ही मला कॉन्व्हेंटमध्ये घातलंत तेव्हा मळ्यावरचे चुलते हसले होते. "लोकांची पातेली ढवळतो आन् पोरीला इंग्रजी शिकवतो!" तुम्ही माझ्या बुटांना पॉलिश करत राहिलात. पण आप्पा, त्या शाळेनंच घात केला. स्वयंपाकाच्या तासाला सिस्टरनं आम्हाला कस्टर्ड करायला शिकवलं. पातळ दूध ढवळता ढवळता एका क्षणी जड होतं, चमच्याला धरतं. तो क्षण माझ्या मनगटाला कळला आणि मला वाटलं, आप्पांना रोज हेच कळत असणार. घरी येऊन सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "आधी गणिताचं बघ."

पुढे पुण्याला कोर्ससाठी गेले, त्याला तुम्ही नाही म्हणाला नाहीत, कारण 'हॉटेल मॅनेजमेंट' यातला फक्त दुसरा शब्द तुम्ही ऐकला होता. रनिंग रूममध्ये तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, "पोरगी म्यानेजर व्हणार." तुमच्या डोळ्यांपुढं टेबल, पंखा, टेलिफोन. माझ्या डोळ्यांपुढं चूल. पहिल्या वर्षाच्या दिवाळीत घरी आले तेव्हा मी पहिल्यांदा तुमचा उंबरा ओलांडला. केस बांधलेले, नखं कापलेली, खिशात चाखायचा चमचा. आम्हाला पहिल्या दिवसापासून तेच शिकवलेलं होतं: चाखल्याशिवाय काहीही बाहेर जाऊ द्यायचं नाही, तसं करणारा स्वयंपाकी बेजबाबदार. तुम्ही मागं वळून भाताची पेज गाळत होता. मी पहिल्याच पातेल्यात चमचा घातला, आमटी चाखली आणि मोठ्या ऐटीत म्हणाले, "आप्पा, चिंच कमी आहे."

तुम्ही वळलात. "कुणाचं पातेलं हाय ते?"

"चाखलं फक्त."

"चाखलं म्हंजी खाल्लं. त्यानं घरनं बांधून आणलंय. त्याच्या लेकरांच्या ताटातलं हाय ते."

मग तुम्ही माझ्यादेखत बाहेर गेलात, बाकावर बसलेल्या त्या ड्रायव्हरला म्हणालात, "साहेब, माझ्या पोरीनं तुमच्या आमटीला तोंड लावलं. माझ्या डब्यातली भाजी घ्या." तो बिचारा हसायला लागला. "अहो आप्पा, लेकीनं खाल्लं तर काय झालं? अजून खाऊ द्या की!" तुम्ही हसला नाहीत. त्याला तुमची भाजी दिलीत, स्वतः त्या दिवशी भाकरी नुसत्या मिठाबरोबर खाल्लीत, आणि मला म्हणालात, "घरी जा. हितं तुजं काम न्हाई." मी रेल्वेच्या पुलावरून रडत घरी गेले. आणि आप्पा, चिंच कमीच होती. मी आजही तेच म्हणेन.

हा तुमचा नियम होता आणि तो मी मानला असता. हिताचं म्हणा, शिस्तीचं म्हणा. बायकांना रनिंग रूमच्या स्वयंपाकघरात जागा नाही असं तुम्ही आईला सांगितलंत, तेही मानलं असतं. पण त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत वरवंडची आली.

नवरा रेल्वेच्या रुळांवर काम करायचा, तो आजारानं गेला, आणि साहेबांनी तिला रोजंदारीवर तुमच्याकडे धाडलं, भांडी घासायला. रनिंग रूममध्ये कुणाला नावानं कोण हाक मारतं? तिचं माहेर वरवंड, म्हणून ती वरवंडची झाली. माझ्याच वयाची. आईनं मला सुट्टीत सहज सांगितलं, "तुझ्या आप्पांनी एका बाईला हाताखाली घेतलंय. भांड्यांवरनं चुलीवर आणलंय. हुशार हाय म्हणतात." हाताखाली घेतलंय! मी तो शब्द ऐकून हातातली वाटी खाली ठेवली. तुम्ही कामावरून आल्यावर विचारलं, तर तुम्ही पाय धूत होता. म्हणालात, "तिला पोट हाय. लेकरू हाय. तुला काय कमी हाय?"

मला काय कमी होतं, हे तुम्हाला सांगायला माझ्याकडे तेव्हा शब्द नव्हते. आज आहेत. तुमच्या मते चुलीपुढं उभं राहायचं ते नाइलाजानं. ज्याला दुसरं काही मिळत नाही त्यानं. म्हणून तिला शिकवणं ही दया आणि मला न शिकवणं हीही मायाच. तुमची दोन्हीकडं मायाच होती, हे कळतं मला. पण तुमच्या मायेच्या वाटणीत ज्याची मला हाव होती ते तिच्याकडं गेलं आणि बुटांचं पॉलिश माझ्याकडं आलं. तिला नको असताना मिळालं. मला हवं असताना नाही.

आमच्या धंद्यात नवा माणूस कामाला आला की सर्टिफिकेट नंतर बघतात. आधी विचारतात, कुणाच्या हाताखाली होतात? त्यावर माणसाची किंमत होते. उत्तर ऐकलं की बाकीचे समजून जातात, हा चाकू कसा धरणार, कांदा किती तांबूस करणार, ओरडा खाऊन टिकणार की नाही. पुण्याच्या हॉटेलात मी एका गोवेकर शेफच्या हाताखाली शिकले. भयंकर माणूस. सॉस फुटून तेल-पाणी वेगळं झालं तर पातेलं माझ्याच हातानं मोरीत ओतायला लावायचा. पण त्यानं मला शिकवलं, आणि मी पुढं सगळीकडं त्याचंच नाव सांगितलं. सांगताना दर वेळी वाटायचं की आपण आपलं माहेर चुकीचं सांगतो आहोत. तुम्ही एकदा पुण्याला मला भेटायला आलात ते आठवतं? मी पांढऱ्या कोटात मागच्या दारानं बाहेर आले. बाह्या वर केलेल्या, कोपराखाली ओव्हनच्या कडेचा ताजा चट्टा. तुम्ही चट्ट्याकडं पाहिलंत, मग रस्त्याकडं. "म्यानेजर कवा व्हणार?" एवढंच विचारलंत. तुमच्या दोन्ही हातांवर तसेच चट्टे होते, आप्पा. मला वाटलं होतं, तुम्ही आपला हात माझ्या हाताशेजारी धराल.

तुम्ही गेलात त्यानंतरचं तर तुम्हाला ठाऊकच नाही. तेराव्याचा स्वयंपाक कुणी केला असेल? मी तोवर पन्नास माणसांच्या किचनची प्रमुख होते, पण घरच्या लेकीनं त्या दिवशी चुलीशी जायचं नाही, येणाऱ्यांना भेटायचं, फार तर पंगतीत वाढायचं. मांडवामागं वरवंडची रांधत होती. न चाखता. वांग्याची भाजी, वरण, भात, बुंदी. पंगतीत तुमचे जुने ड्रायव्हर बसले होते. पहिला घास घेऊन एकानं डोळे मिटले. "आप्पाचाच हात हाय बघा," तो म्हणाला. मग सगळ्या पंगतीभर तेच. मी वाढत होते. माझ्या हातातलं वरणाचं भांडं जड झालं. लोकांना वाटलं, बापाच्या आठवणीनं रडते आहे. काही आठवणीनं, काही कशानं, ते माझं मला ठाऊक.

नंतर रनिंग रूमचा स्वयंपाक ठेकेदाराकडं गेला, त्यानं आपली माणसं आणली, आणि तिचं काम गेलं. हायवेवरच्या ढाब्यांवर तिनं काही वर्षं काढली. मग तिचा मुलगा कारखान्यात लागला, दोघं कारेगावला खोली घेऊन राहू लागले, आणि एका सकाळी ती माझ्या कॅन्टीनच्या दारात कामासाठी उभी. केस पांढरे, पदर खोचलेला, हातात पिशवी. मी तिला ओळखलं, तिनं मला ओळखलं. तरीही मी खुर्चीत बसून, सगळ्या पोरांसमोर, तोच प्रश्न विचारला. "कुणाच्या हाताखाली शिकलात?"

ती खो खो हसली. "असं काय इचारता ताई? तुमच्याच बापाच्या!"

पोरं माझ्याकडं बघायला लागली. इतकी वर्षं त्यांना मी गोवेकर शेफचं नाव सांगत आले होते. मी म्हणाले, "उद्यापासून या." नाही म्हटलं असतं तर ते मला कायम टोचत राहिलं असतं, आणि हो म्हटल्यावर ती कायम समोर राहिली.

ती तुम्हाला आप्पा म्हणायची, हे मला आधी माहीत होतं, पण रोज कानावर पडणं वेगळं. आप्पा कांदा असा कापायचे. आप्पा भाताला हात लावू द्यायचे न्हाईत. आप्पा चिडले की शिट्टी वाजवायचे. शिट्टी? तुम्ही घरी कधी शिट्टी वाजवलीत? मी आईला विचारणार होते, पण तोवर आईही राहिली नव्हती. तिच्याकडं तुमचे आख्खे दिवस होते, आप्पा. सकाळपासून संध्याकाळपर्यंतचे. माझ्याकडं रविवारची संध्याकाळ, तीही तुम्हाला सुट्टी असली तर.

म्हणून सांगते, खंडेनवमीला तिचं चुकलं तेव्हा मला आनंद झाला. कारखान्यात त्या दिवशी यंत्रांची पूजा, सगळ्यांना मसालेभात आणि जिलेबी. दोन मोठ्या पातेल्यांतल्या एकात एका पोरानं मीठ घातलं आणि तो जिलेबीकडं गेला. वरवंडचीनं येऊन पुन्हा घातलं. चाखलं असतं तर कळलं असतं. तिनं वाफ हुंगली आणि झाकण ठेवलं. पाच-सात जणांच्या छोट्या पातेल्यांत जे नाक चालतं ते शेकडो माणसांच्या भातात चालत नाही. पहिली पंगत बसली आणि एक बिहारी कामगार ताट हातात घेऊन काउंटरवर आला. "मॅडम, आज चावल में पसीना किसका है?" सगळी पंगत हसली. आम्ही साधा भात शिजवून त्यात मिसळला, ताक वाढलं, वेळ निभावली. ती एका कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होती.

मी तिच्याजवळ गेले. "चाखलं का नाही?"

"आप्पांनी शिकवलंय, दुसऱ्याच्या..."

"हा दुसऱ्याचा शिधा नाही. हा आपला आहे. इथं चाखायचंच. आप्पा इथं नाहीत, इथं मी आहे."

तिनं पदरानं हात पुसले. मग म्हणाली, "ते असते तर मला चुलीवरनं उठवलंच असतं." तिचे डोळे भरले होते. मी तुम्हाला तिच्यासमोर पहिल्यांदा हरवलं होतं, आणि जिंकल्यावर सांगावं तर तुम्हालाच, आणि तुम्ही नव्हता. माझं समाधान संध्याकाळच्या बसपर्यंतही टिकलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती चाखू लागली. पण कसं? चमचा तोंडाशी नेण्याआधी डोळे मिटायचे आणि मोठ्यानं म्हणायचं, "आप्पा, माफ करा." मग चाखायचं. दर वेळी. आमटीला, भाजीला, चहालासुद्धा. पोरं आधी हसली, मग चेष्टेनं म्हणायला लागली, मग सवयच झाली. आज आमच्या कॅन्टीनमध्ये कुणीही चमचा उचलला की "आप्पा, माफ करा" म्हटल्याशिवाय चाखत नाही. नवा आलेला उत्तर प्रदेशचा पोरगा मला हळूच विचारतो, "मॅडम, ये आप्पा कौन से भगवान हैं? मंदिर किधर है?" मी त्याला म्हटलं, "दौंड जंक्शन." त्यानं हात जोडले. ज्यांनी मला चुलीवरून घरी पाठवलं त्यांचं नाव माझ्या स्वयंपाकघरात दिवसभर घेतलं जातं, आणि ते तिच्यामुळं. मी एकटीच तसं म्हणत नाही. मी सरळ चाखते.

एकदा आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो, तेव्हा तिनं तुमच्या रिटायरमेंटचा दिवस सांगितला. मी त्या दिवशी पुण्यात होते, लग्नाचा सीझन, सुट्टी मिळाली नव्हती. तिनं सांगितलं, "समद्यांना वाटलं आप्पा आज सगळ्यांना जेवू घालणार. तर त्यांनी पंचा माझ्या खांद्यावर टाकला आन् जाऊन ड्रायव्हर लोकांच्या बाकावर बसले. मला म्हणले, वाढ. मी म्हणलं, आप्पा, डबा कुठाय तुमचा? म्हणले, आज डबा न्हाई आणला. वाढ."

मी विचारलं, "मग?"

"मग काय. घरनं पीठ आन् डाळ आणली व्हती त्यांनी पिशवीत. त्यांचा शिधा. त्याचंच केलं."

"काही बोलले?"

"न्हाई. भाकरी संपली तवा आजून एक मागितली."

ती मेथी निवडत राहिली. मी सुट्टीत घरी येऊन तुमच्यासाठी काय काय केलं होतं, आप्पा. पुण्यात शिकलेलं सगळं. तुम्ही जेवायचात, "बरंय" म्हणायचात, ताट उचलून मोरीवर न्यायचात. दुसऱ्यांदा मागितलेलं मला आठवत नाही. मी पुष्कळ आठवून पाहिलं. त्या दिवशी मी मेथीची अख्खी जुडी निवडून संपवली आणि मग लक्षात आलं की मी पानं टाकून देठं ठेवली होती.

महिन्यापूर्वी कॅन्टीनच्या ठेकेदार मालकांनी मला बोलावलं. म्हणाले, "तुमच्या जागी कोण?" त्यांच्या मनात कोर्स केलेला एक तरुण होता, चांगला आहे, हात साफ आहे, पण पोरं त्याच्या ओरडण्याला घाबरून चुका लपवतात. मी वरवंडचीचं नाव सांगितलं. मालक म्हणाले, "मावशी? अहो, वय बघा. आणि शेफ कसं म्हणायचं त्यांना?" मी म्हणाले, "दोन-तीन वर्षं चालवतील, तोवर हा मुलगा त्यांच्या हाताखाली तयार होईल. आणि म्हणायचं काय ते त्यांनाच विचारा." तिला विचारलं तर म्हणाली, "शेफ म्हणा, आचारी म्हणा, पगार वाढवा म्हंजी झालं." मालकांना ते पटलं. मी तिचं नाव न्यायानं सांगितलं, आप्पा. प्रेमानं नाही. त्या जागेला तिच्याइतकं योग्य दुसरं कुणी नव्हतं, आणि एवढं तुम्ही मला न शिकवताही मला कळतं.

आज सकाळी मी किल्ल्या तिच्या हातात दिल्या. घराकडं निघणार तर पोरांनी वाट अडवली, मला कामगारांच्या बाकावर नेऊन बसवलं. तिचंच कारस्थान. ती समोर उभी राहिली, एका हातात ताट, खांद्यावर पंचा. सगळं कॅन्टीन माझ्याकडं बघत होतं. मी काय म्हणायचं ते सगळ्यांना तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून तर म्हणवत नव्हतं. शेवटी म्हणाले, "थोडंच वाढ."

"आप्पापण आधी असंच म्हणले व्हते," ती म्हणाली. तेवढंही माझं स्वतःचं राहिलं नाही.

ज्वारीची भाकरी, तुरीची आमटी, लसणाची चटणी. मी पहिला घास घेतला. आप्पा, मी आचारी आहे, मी खोटं बोलणार नाही. तो तुमचाच हात होता. रनिंग रूमच्या उंबऱ्याबाहेर ज्याचा नुसता वास घेत मी मोठी झाले, तो घास मी आज पहिल्यांदा ताट पुढ्यात घेऊन खाल्ला; आजवर कॅन्टीनमध्ये नुसतं चमच्यानं चाखत होते. तुमच्या चुलीवरचं त्या एका चमच्याशिवाय मला कधी मिळालंच नव्हतं, ते दुसऱ्यांचं होतं ना. ते तिच्या हातून मिळालं. मी तिच्याकडं पाहिलं, ती माझ्याकडं बघत होती, पळी घट्ट धरून, जशी मी कधीकाळी त्या गोवेकर शेफपुढं उभी राहायचे. तिला भीती वाटत होती. मला काय वाटेल याची तिला भीती वाटत होती. हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

मी अजून एक भाकरी मागितली. भूक नव्हती. पण तुम्ही मागितली होती, आणि मी मागं राहणार नव्हते.

पोस्टात टाकायला हे पत्र नाही. धाकट्या भावाची मुलगी माझ्याजवळ राहते, माझ्यामागं कपाट तीच आवरेल, तेव्हा तिच्या हाती लागेल. म्हणून तिच्यासाठी इथंच लिहून ठेवते. माझ्या सुऱ्या त्या कोर्स केलेल्या तरुणाला द्याव्यात, आणि पोरांवर कमी ओरड म्हणून सांगावं. पांढरे कोट धुवून उत्तर प्रदेशच्या पोराला, त्यातला एक त्याला मोठा होईल, बाही दुमडावी. कस्टर्डचं काचेचं भांडं शाळेतल्या सिस्टर अजून असल्या तर त्यांना, नाही तर तुलाच. आईचा खलबत्ता तुझ्या वडिलांना, तो हलवायला दोन माणसं लागतील.

आणि आप्पांचा तवा. त्यांच्या रिटायरमेंटला लोको शेडमधल्या एका फिटरनं जाड पत्र्याचा घडवून दिला होता, तो आईनं मला दिला. त्याच्यावर भाकरी कधी करपत नाही. वरवंडचीनं एक-दोनदा विचारलं, "ताई, आप्पांचा तवा हाय का हो आजून?" मी हो म्हणाले आणि विषय बदलला. तो तिला द्यावा. तिचाच हक्क आहे, हे मी लिहून देते. पण माझ्यामागं. मी असेपर्यंत नाही.

ती माझ्याहून वर्षानं मोठी आहे, हे मला माहीत आहे.